नागनाथाचा ण

नागनाथ रोज सकाळी विहिरीवर जाऊन जीभ वळवत बसतो, हे घरात एकट्या रुख्मिणीला ठाऊक होतं, आणि नवऱ्याची अब्रू म्हणून तिनं ते पोटात ठेवलं होतं. नाहीतर बोरी गावाला उन्हाळाभर पुरेल एवढं हसू झालं असतं. पन्नाशीला टेकलेला, मिशा पिकलेला माणूस थारोळ्यापाशी उकिडवा बसायचा, बांधावर कुणी नाही ना याची खात्री करून घ्यायचा आणि विहिरीकडं तोंड करून म्हणायचा, "पाणी. लोणी. गाणी." मग घसा खाकरून, "वेरमणी." पहिले दोन-तीन ण बरे यायचे. नंतर जीभ थकायची आणि आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसायची. 'वेरमनी' ऐकू आलं की तो स्वतःच्याच जिभेला एक शिवी हासडायचा आणि पुन्हा पाण्यापासून सुरुवात करायचा.

या वयात हे खूळ डोक्यात शिरलं ते लेकीच्या, पंचशीलाच्या लग्नामुळं.

बोरी, चारठाणा आणि अधल्यामधल्या वस्त्यांवर बौद्धांच्या घरी लग्न असलं की वंदना घ्यायला नागनाथ, हे ठरलेलंच होतं. त्याला कुणी नेमलं नव्हतं, आणि तो कुणाकडून मानाची टोपीसुद्धा घेत नव्हता. त्याला माइक हातात असला की बस होतं. तो एक तुकडा म्हणायचा, थांबायचा, बायांच्या पहिल्या ओळीकडं बघून हनुवटी वर करायचा, आणि सगळा मांडव तो तुकडा त्याच्यामागून म्हणायचा. पाचही शीलं झाली की त्यांचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा. दुसऱ्या शीलाला त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "दुसऱ्यानं दिलं न्हाई ते घ्यायचं न्हाई, हातानंबी न्हाई आन डोळ्यानंबी न्हाई." बाया या वाक्याची वाटच बघायच्या. 'सरणं'ला तो 'सरनं' म्हणायचा आणि प्रत्येक शीलात येणाऱ्या 'वेरमणी'ला 'वेरमनी'. पण मांडवही तसंच म्हणायचा, त्यामुळं ण नावाचं अक्षर तिथं गैरहजर असतं, हे इतक्या वर्षांत कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

ध्यानात आलं ते साखरपुड्याला. पंचशीलाला जुळलेलं स्थळ परभणीचं होतं. सासरे दिनकरराव कचेरीत कारकून, मुलगा शाळेत मास्तर. नागनाथानं वंदना घेतली तेव्हा पाहुण्यांतल्या दोन कॉलेजच्या पोरी तोंडाला रुमाल लावून 'वेरमनी, वेरमनी' करत हसल्या. नागनाथानं ते ऐकलं. पण राग त्याला त्या पोरींचा आला नाही. राग आला धाकट्या भावाचा, आणि तो बिचारा त्या दिवशी साखरपुड्याला आलेलासुद्धा नव्हता.

नागनाथाचं हे असंच होतं. राग कशाचाही येवो, गावभर हिंडून तो शेवटी सितारामाच्या दारात जाऊन बसायचा.

सिताराम म्हणजे रेडिओवरचा सिताराम. परभणी केंद्रावरून नुसता "नमस्कार" आला, तरी पारावरची माणसं बोलणं थांबवून म्हणायची, "बोरीचा सिताराम." सकाळी गाण्यांच्या आधी तो, दुपारी बायकांच्या कार्यक्रमात तो, संध्याकाळी शेतकऱ्यांना कपाशीवर काय फवारावं हे सांगणाराही तोच. सुरुवातीला महिन्यातून पाच-सहा दिवस बोलवायचे, मग नोकरी पक्की झाली, परभणीत घर झालं. फर्माईश पाठवणारे लोक गाण्यापेक्षा त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकायला पत्र टाकायचे. त्याचं बोलणं होतंही तसं. शब्द पाण्यात धुऊन, पुसून, एकेक करून ठेवल्यासारखे यायचे. जिंतूरला कापडाच्या दुकानात नागनाथाला बसायला खुर्ची मिळायची, तीसुद्धा "सितारामभाऊंचे थोरले बंधू" म्हणून. ती खुर्ची त्याला टोचायची. उभं राहिलं असतं तर बरं, असं वाटायचं, पण बसायचाही तो.

कारण खरी गोष्ट अशी होती की रेडिओच्या चाचणीला गेला होता नागनाथ. आणीबाणीचं साल. तो मॅट्रिक पास होता, जलशात त्याचा आवाज भोंग्याविना नदीपलीकडं जायचा, आणि गावानंच त्याला ढकललं होतं. औरंगाबादला कॉलेजात असलेला सिताराम सुट्टीवर आला होता म्हणून सोबतीला गेला, भाकरीचं फडकं धरून. काचेच्या खोलीत नागनाथाला कागद मिळाला. त्यावर पाणीपुरवठ्याचं काहीतरी लिहिलेलं होतं. तो खणखणीत वाचत सुटला. साहेबांनी मान डोलावली आणि मोठ्या गोडीनं सांगितलं की आवाज फार चांगला आहे, फक्त 'पाणी' म्हणा. नागनाथ म्हणाला, "पानी." साहेब म्हणाले, "पाणी." दोन्हींत काय फरक आहे तेच नागनाथाला कळेना. आपण हळू बोलतोय असं वाटून तो आणखी मोठ्यानं म्हणाला, "पानी." तेव्हा दारात उभ्या सितारामाला राहवलं नाही आणि तो बाहेरूनच म्हणाला, "दादा, पाणी." साहेबांनी वळून बघितलं.

त्या एका घोटभर पाण्यावर सितारामाची नोकरी उगवली, असं नागनाथ म्हणायचा. लोकांना वाटायचं तो कौतुकानं म्हणतो.

पुढं नामांतराचे दिवस आले. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात गावोगाव घरं पेटली, त्यात यांचंही छप्पर गेलं. नागनाथ मोर्च्याला गेला, जेलात जाऊन आला, घोषणा देऊन देऊन त्याचा घसा कायमचा खरवडून निघाला. सिताराम सरकारी नोकर. तो त्या सगळ्या वर्षांत गाणी लावत राहिला आणि भावाच्या घरावर नवे पत्रे घालून देऊन गप्प बसला. आणि या जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, त्या संध्याकाळी "ऐकू या बातम्या" हे शब्द कुणाच्या तोंडून आले? सितारामाच्या. घोषणा दिल्या नागनाथानं, आणि वस्तीनं साखर वाटली ती रेडिओपुढं. बायनाबाईसारखी जुनी बाई, जी मोर्च्यात नागनाथाच्या पाठोपाठ चालली होती, तीसुद्धा म्हणाली की सितारामानं सांगितलं म्हणजे खरं. नागनाथानं साखर खाल्ली. पण ती त्याला गोड लागली नाही, आणि गोड लागली नाही याची त्याला लाजही वाटली.

या सगळ्यात त्याला एकच आधार होता, आणि तो म्हणजे त्याची माय, केशरबाई. मोतीबिंदूनं तिचे डोळे गेल्यात जमा होते. माणूस ती आवाजावरून ओळखायची. अंगणात कुणाचं मांजर ओरडलं तेही सांगायची. पण रेडिओवर सिताराम बोलायला लागला की म्हणायची, "त्यो सरकारी मानूस हाय. माजा सिताराम आसा बोलत न्हाई." घरातले हसायचे, पोरं तिला समजावून थकली. नागनाथानं तिला कधी समजावलं नाही. सगळ्या जिल्ह्यानं ओळखलेला आवाज जन्म देणारी मायच ओळखत नाही, हे त्याला मनातून लय आवडायचं.

---

लग्नाच्या आठवड्यात किशनराव परभणीहून निरोप घेऊन आला. किशनराव रुख्मिणीचा भाऊ, आणि या सोयरिकीतला मध्यस्थ. त्याचा एक चहा झाला, दुसरा झाला, उन्हाची चौकशी झाली, तरी निरोप काही बाहेर पडेना. शेवटी बशीकडं बघत त्यानं सांगितलं की दिनकररावांना देणंघेणं काही नको, एकच इच्छा आहे. वंदना तेवढी सितारामभाऊंनी घ्यावी. कचेरीतली माणसं येणार आहेत, आणि रेडिओवाले स्वतः लग्न लावणार असं ते सगळ्यांना सांगून बसलेत.

"आन मी काय करू?" नागनाथानं विचारलं.

"तुमी पोरीचे बाप. तुमी मिरवा की, भावजी."

नागनाथानं गेल्या साली चारठाण्याला बहिणीच्या लेकीचं लग्न कुणी लावलं ते विचारलं, बोरीत या चैतात झालेली लग्नं कुणी लावली ते विचारलं. किशनराव प्रत्येकाला मान हलवत राहिला आणि बशीतला थेंब बोटानं फिरवत राहिला. नागनाथानं बायकोकडं बघितलं. आजवर घरात सितारामाचा विषय निघाला की रुख्मिणी नवऱ्याच्या बाजूला उभी असायची. पण आज समोर तिचा भाऊ होता आणि मागं पोरीचं सासर. ती म्हणाली, घेऊ द्या की भावजींना, तेवढाच तुमच्या घशाला आराम. विहिरीवरचं सगळं माहीत असलेली बाई असं बोलली, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

त्याच्या बाजूनं एकटी केशरबाई बोलली. सरकारी माणसाच्या हातून नातीचं लग्न लागू देणार नाही, असं तिनं बाजेवरून जाहीर केलं. तिच्या मताला अर्थातच कुणी धरलं नाही.

तेव्हा नागनाथानं पंचशीलाला हाक मारली. पोरगी परभणीला डी.एड. करत होती, घरात सगळ्यांत शहाणी ती, आणि बापाचा तिच्यावर भारी जीव. आपली लेक आपल्याकडून बोलेल आणि विषय मिटेल, असं त्याला वाटलं होतं.

"दिनकररावांनी न्हाई," पंचशीला उंबऱ्यात उभी राहून म्हणाली. "म्याच म्हनलं होतं तसं. साखरपुड्याला त्या पोरी हसल्या, बाबा. मला पुना तसं नको."

"माज्यावर हसल्या न्हवं? तुज्यावर कुटं हसल्या?"

"तुमच्यावर हसल्या म्हनून तर."

या बोलण्यात पोरीची माया होती, हे किशनरावालासुद्धा कळलं. नागनाथाला कळलं नाही. हेवा कानात बसला की माणसाला अर्धंच ऐकू येतं. त्याला एवढंच ऐकू आलं की माझ्या पोरीनं काकाला मागितलं. विहिरीवरच्या सकाळी तो तिला सांगू शकला असता, एक चांगला 'वेरमणी' तिथंच म्हणून दाखवू शकला असता. तो उठला, पायात वहाणा घातल्या आणि "बोलवा त्येला" एवढं म्हणून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो पुन्हा विहिरीवर होता, आणि आता कशासाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

---

सिताराम लग्नाच्या आदल्या दुपारी एसटीनं आला आणि फाट्यापासून घरापर्यंत यायला त्याला तासभर लागला. प्रत्येक दारात त्याला थांबवून घेतलं. माणसं त्याच्याशी बोलत नव्हती, त्याला बोलायला लावत होती. रेडिओवर म्हणता तसं एकदा आमच्या घराचं नाव घ्या. तो घ्यायचा आणि हसायचा. घरी आल्यावर त्यानं मायच्या पायाला हात लावला आणि विचारलं, "कशी आहेस?" केशरबाईनं त्याचा चेहरा चाचपला, नाक ओळखलं, कान ओळखले आणि म्हणाली, "घरात तरी सरकारी बोलू नगं." सिताराम यावरही हसला. पण तो लगेच उठून पाण्याच्या रांजणाकडं गेला, आणि तिथं जरा जास्तच वेळ उभा राहिला. नागनाथानं ते बघितलं आणि त्याला गार वाटलं.

संध्याकाळी मांडवात भोंगे बांधत होते. दोघे भाऊ खाली उभे राहून वर बघत होते, एकमेकांकडं बघायचं नसलं की माणसं बघतात तसं. सितारामानं माइक हातात घेऊन वजन बघितलं आणि परत ठेवला.

"दादा, तूच घे ना वंदना," तो म्हणाला. "दिनकररावांना मी सांगतो."

"पोरीनं तुला मागितलंय."

मग सितारामानं खालच्या आवाजात विचारलं की लोक मागून म्हणतात, तेव्हा आपण थांबायचं कुठं आणि किती. स्टुडिओत दोन वाक्यांत पोकळी सोडायची नाही अशी सवय लागली आहे. बोलायचं ते सरळ पुढं बोलत जायचं. समोर काच असते आणि भिंतीवर घड्याळ.

नागनाथाला उत्तर माहीत होतं. सगळ्या जिल्ह्यात त्याच्याइतकं ते कुणाला माहीत नव्हतं. शेवटच्या शब्दाआधी दम घ्यायचा, आवाज जरा खाली सोडायचा, आणि सगळ्या मांडवाकडं न बघता बायनाबाईकडं बघायचं. ती म्हणाली की बाया म्हणतात, आणि बाया म्हणाल्या की गडी लाजून म्हणतात. हे सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा भावानं त्याच्यापाशी असं काही मागितलं होतं जे कुठल्याच साहेबानं दिलं नसतं, आणि ते हातचं सोडवेना.

"तुला कोन शिकवनार?" तो म्हणाला. "येवढी वर्सं बोलायलायस. आख्खा जिल्हा ऐकायलाय तुला."

"ऐकतो खरा," सिताराम म्हणाला. "पण उलट कधी कुणी बोललेलं नाही."

वर भोंग्यावाल्यानं तार जोडली आणि भोंगा किंचाळला. त्या आवाजात हे बोलणं तिथंच संपलं.

---

लग्न दुपारचं. वैशाखाचं ऊन मांडवाच्या कापडातून गाळून येत होतं. पुढं बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, आणि पांढऱ्या कपड्यांत नवरा-नवरी. दिनकरराव कचेरीतल्या माणसांना घेऊन पुढच्या खुर्च्यांवर बसले होते. बायांच्या पहिल्या ओळीत बायनाबाई, तिच्यामागं रुख्मिणीच्या आधारानं केशरबाई. नागनाथ गड्यांत, खांबाला टेकून. त्याच्या हातात काही नव्हतं, आणि हातांचं काय करावं ते त्याला समजत नव्हतं.

सितारामानं माइक घेतला आणि "नमस्कार" म्हटलं. मांडवातून एक सुस्कारा उठला. चुलीवरच्या बायासुद्धा झारे घेऊन कोपऱ्याशी आल्या. मग त्यानं त्रिशरण सुरू केलं, आणि काय सांगावं, 'सरणं'चा तो ण असा पडला की नागनाथानं डोळे मिटले. विहिरीवर इतक्या सकाळी घालवून त्याला तसा एकही आला नव्हता. आवाज पुढं चालला, न अडखळता, न थांबता, एकातून एक. आणि माणसं ऐकत राहिली. माना कलत्या करून, डोळे अर्धे मिटून, रोज संध्याकाळी रेडिओपुढं बसतात तशी. एकानं तर सवयीनं बिडी काढली. सितारामाचा आवाज सुरू झाला की आपण गप्प बसायचं असतं, हे त्या माणसांच्या अंगात इतकं मुरलं होतं की मागून म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. नवरा-नवरीलासुद्धा नाही.

तिन्ही सरणं संपली. दिनकररावांच्या कचेरीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या विरल्या आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की वंदना कुणी म्हटलीच नाही. लग्न लागायचं कसं?

"आरं लेकरा," बायनाबाई म्हणाली, "आमालाबी म्हनू दे की. आमी काय नुसतं ऐकायला आलाव?"

सितारामानं रेडिओवरच्यासारखं दिलगीर आहोत म्हटलं आणि सर्वांनी आपल्यामागून म्हणावं अशी विनंती केली. त्यानं पुन्हा सुरुवात केली. पण कुठं थांबायचं ते त्याला माहीत नव्हतं. तो मध्येच थांबायचा, लोक सुरू करायचे, तेवढ्यात शांततेला घाबरून तो पुढचं म्हणायचा. अर्धे इकडं, अर्धे तिकडं. एका कोपऱ्यात संघं चाललं होतं, दुसऱ्या कोपऱ्यात अजून बुद्धंच होतं. सितारामाच्या सदऱ्याची पाठ भिजून अंगाला चिकटली. आणि त्या दोन कॉलेजच्या पोरींनी पुन्हा तोंडाला रुमाल लावले.

नागनाथाला आनंद झाला. लपवून काय करायचं, चांगला पोटभर आनंद झाला. इतक्या वर्षांचं पाण्याचं उसनं आज फिटलं, असं वाटलं. खुर्चीवरचे दिनकरराव कसे दिसतात ते त्यानं बघून घेतलं, रुख्मिणीचा चेहरा बघून घेतला. मग त्यानं पोरीकडं बघितलं, आणि पंचशीला त्याच्याचकडं बघत होती. काकाकडं नाही, नवऱ्याकडं नाही. तिच्या गळ्याशी लाली चढली होती. तुमच्यावर हसल्या म्हनून तर. हे वाक्य त्याला तेव्हा कुठं सगळं ऐकू आलं.

तो खांबापासून निघाला आणि पुढं गेला. सितारामानं त्याला येताना बघितलं आणि काही न बोलता माइक त्याच्यापुढं धरला. साऱ्या मांडवादेखत धरला. नागनाथाचा हात वरही आला. माइकची ती गार जाळी त्याच्या बोटांपासून वीतभर होती, आणि ती घेतली असती तर जन्मभर बोरीनं सांगितलं असतं की रेडिओवाल्याला जमलं नाही ते नागनाथानं केलं. आदल्या दिवशी आपण एक उत्तर दाबून ठेवलं, हे मात्र कुणालाच कळलं नसतं. भावाच्या कपाळावरचा घाम आता इतक्या जवळून दिसत होता की तिकडं बघवेना.

त्यानं माइक तळहातानं मागं लोटला.

"तुकडा पाड," तो हळू म्हणाला. "शेवटच्या शब्दाआदी दम घे आन बायनाबाईकडं बघ. ती म्हनली की समदी म्हनत्यात. मी हाय हितं."

आणि तो तिथंच, गड्यांच्या पुढं, जमिनीवर मांडी घालून बसला.

यावेळी सरणं नीट झाली. सिताराम थांबत गेला, बायनाबाई म्हणत गेली, मांडव तिच्यामागं गेला. पहिल्यांदा लोकांचा आवाज एकसाथ अंगावर आला तेव्हा सिताराम एक पाऊल मागं सरला, कुणी ढकलल्यासारखा. मग शीलं सुरू झाली. "पाणातिपाता," तो म्हणाला, थांबला, दम घेतला, समोरच्या साऱ्या तोंडांकडं बघितलं आणि म्हणाला, "वेरमनी."

जीभ घसरली की त्यानं मुद्दाम केलं, हे नागनाथानं पुढं कधी विचारलं नाही. विचारायला तेव्हा सवडही नव्हती, कारण त्याच क्षणी लेकीच्या सासरच्यांपुढं, रुमालवाल्या पोरींपुढं, त्याची स्वतःची पाळी आली होती, आणि कितीतरी सकाळींची मेहनत जिभेवर तयार होती. त्यानं मान वर केली आणि अख्ख्या मांडवाच्या आधी, खणखणीत, निर्दोष म्हटलं, "वेरमणी."

मांडव गोंधळला नाही, अर्ध्यांनी हे उचललं, अर्ध्यांनी ते. पण केशरबाई ताठ झाली. तिनं चेहरा माइककडं वळवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आला गं बाई माजा सिताराम. बोलला बघ." तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं कपाळाला आठ्या घालून रुख्मिणीला विचारलं, "आन ह्यो खाली बसलेला कोन? परभनीचा पावना हाय का?"

रुख्मिणीनं पदर तोंडात धरला. नागनाथाला ते सगळं ऐकू आलं. ज्या मायला त्यानं इतकी वर्षं हाताला धरून परसात नेलं, जिची भाकर दुधात कुस्करून दिली, तिनं धाकट्याला एका 'न'वर ओळखलं आणि त्याला एका 'ण'वर पाहुणा करून टाकला. जुना हेवा पुन्हा एकदा त्याच्या छातीत उभा राहिला, आणि उभाच राहिला.

"अदिन्नादाना," सिताराम म्हणाला. दुसरं शील. न दिलेलं घ्यायचं नाही ते. तो थांबला आणि यावेळी त्यानं बायनाबाईकडं बघितलं नाही, भावाकडं बघितलं.

नागनाथाची जीभ वर वळून टाळूला लागलेली होती. त्यानं ती सावकाश खाली आणली.

"वेरमनी," तो आपल्या खरवडलेल्या, फाटक्या आवाजात म्हणाला, आणि माइकवरून सितारामही त्याच्यासोबत तेच म्हणाला.

केशरबाईनं दोन्हीकडं कान दिला. मग तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि तिनं हात जोडले.

"हां," ती रुख्मिणीला म्हणाली. "आता दोगंबी हायत."